सोन्याच्या गावातलं पाणी

कॅलगुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया
24 जानेवारी

तीर्थरूप अण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिळगुळाचं पार्सल पोचलं. लाडू दोनच उरलेत.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सोनं हातात घेऊन बघितलंस का गं?" नाही हो. माझ्या लॅबमध्ये येते ती नुसती खडकाची पूड, टनामागे जेमतेम दोन ग्रॅम सोन्याची. आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्यांना दहा-बारा टन खडक फोडावा लागेल. खाण अगदी गावाला लागून आहे, साडेतीन किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर खोल. काठावर उभं राहिलं की तळातले सव्वादोनशे टनी डंपर मुंगीएवढे दिसतात.

पण आज लिहायला बसले ते पाण्यासाठी.

1893 च्या जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथं सोनं सापडलं आणि माणसांचे लोंढे आले. नदी नाही, जमिनीखालचं पाणी खारट. लाकडं जाळून ते उकळायचं, वाफ थंड करायची आणि गॅलनच्या भावानं विकायचं. विषमज्वरानं कितीतरी तरणी पोरं गेली. सामान उंटांवरून यायचं. उंटवाले बलुचिस्तान, सिंध, पंजाबातलेही होते, पण इथं सगळ्यांना 'अफगाण'च म्हणत. उंटांचा अख्खा तांडा वळावा म्हणून मुख्य रस्ता केवढा रुंद ठेवलाय!

मग सी. वाय. ओ'कॉनर या इंजिनिअरनं पर्थजवळच्या मंडारिंगच्या धरणातून इथवर 530 किलोमीटर पाइपलाइन आखली. वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपघरं. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर नाही नाही ते आरोप केले. मार्च 1902 मध्ये त्यानं समुद्रकिनारी स्वतःवर गोळी झाडून घेतली. दहा महिन्यांनी, 24 जानेवारी 1903 ला, इथं समारंभानं पाणी सोडलं गेलं. आजचीच तारीख. सकाळी नळ सोडला आणि मला रडूच आलं.

2016 आठवलं, अण्णा. मांजरा कोरडं पडलेलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. तुम्ही रात्र-रात्र टँकरच्या रांगेत घागरी धरून बसायचात आणि मी बारावीचं पुस्तक घेऊन तुमच्याशेजारी. आई, भाजी धुतलेलं पाणी तू तुळशीला घालायचीस. इथं कुणाला हे सांगितलं की जुनी माणसं लगेच मान डोलावतात. त्यांना समजतं.

हॅननचा पुतळा मुख्य रस्त्यावर आहे. त्याच्या हातात पाण्याची पिशवी आहे आणि तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांना प्यायला पाणी मिळावं अशी सोय केलेली आहे. सोनं शोधणाऱ्याच्या हाती गावानं पाणी दिलं, हे मला फार आवडलं.

मांजऱ्यात सध्या किती साठा आहे ते कळवा. गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं काम उन्हाळ्यातच उरकून घ्या. पैसे या महिन्यात पाठवते. आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर सांग.

तुमची,
थोरली