रविवारच्या बैठकीची आठवण : ‘फेडआउट’

मंडळी, नमस्कार. रविवारी साडेपाचला, ऊन उतरल्यावर, अंबाजोगाईत नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. पुस्तक अमेरिकी लेखक जोसेफ हॅन्सन यांची रहस्यकादंबरी ‘फेडआउट’.

आपल्याकडं विमा म्हटलं की आधी पीक विमा आठवतो. इथं आयुर्विम्याचा दावा आहे. कॅलिफोर्नियात पावसानं फुगलेल्या ओढ्यात एका रेडिओ कलाकाराची चुराडा झालेली गाडी सापडते, पण प्रेत नाही. तपासाला येतो विमा कंपनीचा तपासनीस डेव्ह ब्रँडस्टेटर. तो समलिंगी आहे, आणि लेखक ते कुठंही लपवत नाही की त्याची कीव करत नाही. कॅन्सरनं गेलेल्या जोडीदाराचं दुःख उरात घेऊन तो काम करत राहतो. ती पानं घाईत उरकू नका, माझं तिथं दोनदा पुस्तक मिटलं.

कादंबरी १९७० ची. तेव्हा कॅलिफोर्नियात समलिंगी संबंध गुन्हा होते. आपल्याकडं कलम ३७७ चा, म्हणजे असे संबंध गुन्हा नाहीत हा निकाल २०१८ ला आला. हे ध्यानात ठेवून वाचा. डेव्हच्या एकूण बारा कादंबऱ्या आहेत, ही पहिली.

प्रती दोनच आहेत. वाचून झाली की लगेच पुढच्याला द्या. खुनी कोण, हे ग्रुपवर कुणीही लिहू नये. बैठकीत कुणाच्या खासगी आयुष्याची चौकशी होणार नाही, ही माझी जबाबदारी. नवीन कुणाला यायचं असेल तर अवश्य आणा.