नाही म्हणणाऱ्या रतनवाडीच्या मामांना

ती. मामा आणि मामी,
सा. नमस्कार.

पत्र लिहू का विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "पत्र कशाला ताई, फोटो पाठवा." फोटो वेगळे पाठवतेच आहे. हे मात्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. माझ्यासारखे कॅमेरे गळ्यात अडकवून येणारे तुमच्या दारात अजून पुष्कळ येणार आहेत. त्यांनी तुमच्याशी हुज्जत घालू नये, एवढंच वाटतं. मी घातली होती. तुमचं नाव लिहीत नाही. माणसं वाढली तर हरभरा कोण राखणार, ही तुमची तक्रार लक्षात आहे.

नोव्हेंबरात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, तुमच्या रतनवाडीला, फोटोंसाठी जागा बघायला पहिल्यांदा आले आणि वाट दाखवायला तुम्हाला गाठलं, तेव्हा माझ्याकडं छापील कागद होता. नाशिकचं एक जोडपं, लग्नाला वर्ष झालेलं. दोन बहिणींची कुटुंबं, त्यात चार पोरं आणि बहात्तर वर्षांच्या आजी. सगळ्यांना बागेतले, स्टुडिओतले फोटो नको होते. थंडीत भटकायचं, तंबूत राहायचं आणि त्यातच फोटो निघायला हवेत. मी कागदावर सगळं आखून आणलं होतं: काठावर सूर्योदय, सांदण दरीत सूर्योदय, रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, सूर्योदय. तुम्ही कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलंत, "मुक्काम किती?" मी म्हटलं, दोन रात्री. "मग तिसरा सूर्य कुठून आणायचा?"

तिथून जी काट मारायला सुरुवात केलीत ती संध्याकाळपर्यंत.

सांदणीचं मला सगळ्यात जास्त झोंबलं. त्या दरीसाठी तर जोडपं यायला तयार झालं होतं. तुम्ही म्हणालात, सकाळी तिथं काय अंधार शूट करायचाय का. मी ऐकेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटेच साम्रदला घेऊन गेलात आणि दरीच्या तोंडाशी एका दगडावर बसवून ठेवलंत. दोन्ही बाजूंना दीड-दोनशे फुटांच्या भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन माणसं शेजारी-शेजारी चालणार नाहीत एवढी फट. नऊ वाजले, दहा वाजले, खाली सावलीच. त्या सावलीत उजेड निळा पडतो, माणसाचा चेहरा तापातून उठल्यासारखा दिसतो. साडेअकराच्या पुढं डाव्या भिंतीच्या वरच्या टोकाला ऊन लागलं आणि तिथून परतून समोरच्या कातळावर आलं. सगळी फट आतून दिवा लावल्यासारखी तांबूस झाली. तुम्ही विडी विझवून नीट खिशात घातलीत, आणि म्हणालात, "आता काढा काय काढायचं ते." कागदावर मी 'सांदण, स. ७' खोडून 'दु. १२ ते २' लिहिलं. त्या दोन तासांत जानेवारीत जे फोटो मिळाले, त्यांना नंतर हातही लावावा लागला नाही.

आणि पाण्याचे ते डोह! पहिल्यात गुडघाभर, दुसऱ्यात मांडीपर्यंत, एवढ्यासाठी तुम्ही काठी घालून मोजलं होतं. आजी आणि लहान पोरं पहिल्या डोहाच्या अलीकडंच थांबतील, हे तिथंच ठरलं. मी ते आयत्या वेळी ठरवणार होते.

फोटोवाल्यांना कपड्यांचं फार कळतं असं आम्हाला वाटतं. सगळ्यांनी मोहरीच्या रंगाचं आणि फिकट बदामी घालायचं, असं मी कळवूनही टाकलं होतं. जाहिरातींत तेच दिसतं. मामींनी ऐकलं आणि हसल्या. "अगं, गवत बघ की." नोव्हेंबरातच डोंगरउतार पिवळे पडायला लागले होते, जानेवारीत तर सगळं वाळून सोन्यासारखं होतं. त्यात पिवळा माणूस उभा केला तर नुसतं डोकं दिसणार. घरी जाऊन सगळ्यांना नवा निरोप धाडला: वांगी रंग, गडद हिरवा, लाल, वीटकरी. आजींनी नेसलेलं लाल काठाचं हिरवं लुगडं अर्ध्या किलोमीटरवरून उठून दिसत होतं.

त्याच गवतामुळं तुम्ही एकदाच आवाज चढवलात. जोडप्याला रंगीत धुराच्या नळकांड्या फोडायच्या होत्या आणि रात्री फुलबाज्या. तुम्ही म्हणालात, वणवा लागला तर तुम्ही गाडीत बसून घोटीला जाल, आम्ही फांद्या घेऊन रात्रभर झोडपत बसू. पुढं सांगितलंत की कड्याला आग्या मोहोळं आहेत, त्यांना धूरही चालत नाही आणि अत्तरही. हे दुसरं मला ठाऊकच नव्हतं. फोटो म्हटल्यावर माणूस आधी अंगावर सुगंधी फवारा मारतो, ही आपली सवय. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना बजावलं: अत्तर नाही, डिओ नाही, केसांना वासाचं तेल नाही. एका मेहुण्यांनी तरी मारलंच होतं. त्यांना दरीत नेलं नाही. ते आजींजवळ बसून शेंगा सोलत राहिले, आणि खरं सांगायचं तर त्यांचे फोटो त्यामुळंच चांगले आले.

ड्रोनचंही तसंच. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, ड्रोन उडवायचा तर वनखात्याची परवानगी लागते, एवढं मला माहीत होतं. पण 'दोन मिनिटं उडवला तर कोण बघतं' हा शब्द माझ्या तोंडून गेला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्याकडं बघितलंत. ड्रोन नाशिकला कपाटात राहिला. अमृतेश्वराच्या मंदिरात तिपाई लावायचा विचारही तुम्ही आधीच मोडून काढलात: मंदिर पुरातत्त्व खात्याकडं आहे, तिथं विचारल्याशिवाय मांडामांड करायची नाही. मग पोरांनी पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून उगाच भांडणं केली, मी साध्या हातातल्या कॅमेऱ्यानं चार फोटो घेतले आणि निघालो. तेवढे पुरले.

काठाची गंमत मला अजून आठवते. ऑक्टोबरातल्या कुणाच्या तरी फोटोत मी एक काळा खडक पाहिला होता, तीन बाजूंनी पाणी. तिथं अख्खं कुटुंब बसवायचं ठरवलेलं. तुम्ही म्हणालात, तो खडक तिथंच आहे, पाणी नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं. खालच्या शेतीला कालव्याचं आवर्तन सुटलं की इकडं फुगवट्याचं पाणी मागं सरकतं आणि मध्ये गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा. १७ जानेवारीला तुमचा सल्ला विसरून मधली पोरगी धावलीच. एक बूट अजून त्या गाळात आहे.

तंबूंबद्दल मी तुमच्याशी भांडले, कारण काठावरच्या एका तंबूवाल्याला आगाऊ पैसे देऊन बसले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, रात्री ऐका मग. संध्याकाळी सातला स्पीकर सुरू झाला, रंगीत दिव्यांच्या माळा लागल्या. मृग नक्षत्र तिकडून दिसलं असतं तर नवल. नऊ वाजता आमची सगळी वरात तुमच्या अंगणात आली. तुम्ही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

त्या रात्रीबद्दल थोडं जास्त लिहिते. जोडप्याला आकाशगंगेचा तो प्रसिद्ध पट्टा हवा होता. मी त्यांना आधीच समजावलं होतं की त्याचा झगझगीत भाग जानेवारीच्या रात्री दिसत नाही, तो उन्हाळ्यात. अमावास्या दुसऱ्या दिवशी होती, आकाश काळं कुळकुळीत. तुमच्या खळ्याच्या कडेला त्यांना उभं केलं. पंधरा सेकंद अजिबात हलायचं नाही, श्वाससुद्धा हळू. थंडी अशी की नवरा थरथरतोय ते अंधारातही कळत होतं. तुम्ही शेजारी उभे राहून त्याचं लक्ष वळवायला बोलत होतात: ते तीन तारे म्हणजे तिकांडं, मृगाच्या पोटात घुसलेला बाण, आणि मध्यरात्रीपर्यंत इकडून बाजलं चांगलं वर येईल. आम्ही शाळेत सप्तर्षी शिकलो. चार पायांची खाट दिसते हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

सकाळी मी गाढवपणा केला. कॅमेरा रात्रभर बाहेरच्या थंडीत होता, तो तसाच मामींच्या चुलीपाशी आणला. काच घामेजली. पुसली की परत घामेजायची. आत पिशवीत बंद करून हळूहळू गरम होऊ द्यायचा असतो, हे मीच शिकवण्यांत सांगते! बाहेर पाण्यावरचं धुकं सुटत होतं, पंचांगातला सूर्योदय होऊन गेला होता, आणि मी हात चोळत बसले. आजींचा धाकटा नातू थंडीनं रडत होता. त्याला कालपासून हसवायचे सगळे प्रयोग फसले होते. मामींनी त्याला मांडीजवळ ओढलं, नाचणीच्या भाकरीचा पापुद्रा फुंकून त्याच्या हातावर ठेवला. तो रडायचा थांबला आणि त्या भाकरीतून निघणाऱ्या वाफेकडं बघत राहिला. तेवढ्यात काच मोकळी झाली. डोंगराआडून ऊन उशिरा, पावणेआठला, तुमच्या दारातून सरळ आत आलं आणि धुरातून त्याच्या कपाळावर पडलं. दोन फोटो निघाले. त्याची आई त्यातल्या एकासाठी मला रोज फोन करते.

याच सकाळी मामींनी आतली खोली मोकळी करून दिली, हे बायकांच्या वतीनं लिहिते. फोटोंचं नियोजन करताना कपडे बदलायला जागा, बाळाला पाजायला आडोसा आणि संडास, हे कोणी कागदावर लिहीत नाही. मीही नव्हतं लिहिलं.

नेढ्यातला सूर्योदयही तुम्ही काटलात: अंधारात शिड्यांवर कुणाला चढवणार नाही. जोडपं उजेडात निघालं, दहा वाजून गेले पोचायला. मी मनातून नाराज होते, त्या वेळचं ऊन चेहऱ्यावर कडक पडतं. पण नेढं म्हणजे कातळाला आरपार भोक. आत सावली, पलीकडं खाली झगझगीत दरी. दोघं उंबऱ्यावर बसल्यासारखी बसली, वाऱ्यानं तिची ओढणी सुटून आडवी फडफडत राहिली. तुम्ही मागून तिच्या नवऱ्याच्या पट्ट्याला घट्ट धरून बसला होतात. तुमचा हात फोटोत आलाय. मी तो पुसलेला नाही.

नोव्हेंबरातल्या त्या दोन दिवसांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "काम झालंच कुठं, नुसतं नाही-नाहीच म्हटलं," म्हणालात. माझ्या हिशोबाच्या वहीत ते दोन दिवस उधार मांडलेत.

फोटोंचं पाकीट राजूरला तुमच्या भाच्याच्या दुकानात ठेवलंय, बाजाराला याल तेव्हा घ्या. वरचे मोठे दोन मामींचे आहेत. खाली प्लास्टिकच्या पिशवीत धाकट्याचा लोकरीचा टोपरा आहे. त्याच्या आईनं तुमच्या नातवासाठी दिलाय. आणि गाळातला बूट कधी वर आला तर राहू द्या तिथंच, दुसरा आम्ही घोटीला टाकून दिला.

तुमची,
नाशिकची फोटोवाली ताई