शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरक नव्हे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आईच्या कबरीवरचं गेल्या वर्षीचं मेण नखाने खरवडत होतो, तेव्हा सोबत आलेल्या दांडिया बाजारच्या मित्राने विचारलं, अरे तुमची पर्गेटरी म्हणजे थोडे दिवसांचा नरकच ना? हा गैरसमज इकडे वडोदऱ्यात मला फार जणांकडून ऐकायला मिळतो, म्हणून लिहितोय.

तसं नाहीये हो. पर्गेटरी म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या श्रद्धेतलं शुद्धिस्थान, मेल्यानंतर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था. तिथल्या आत्म्याचा स्वर्ग पक्का असतो, फक्त देवासमोर उभं राहण्याआधी आतला मळ निघायचा असतो, आणि आपण जिवंत माणसं प्रार्थनेने त्यांना मदत करू शकतो, कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ साली हेच सांगितलं. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनीही समजावलं की स्वर्ग, नरक, शुद्धिस्थान ह्या नकाशावरच्या जागा नव्हेत, देवाशी असलेल्या नात्याच्या अवस्था आहेत. नरक म्हणजे माणसाने स्वतःहून देवाला कायमचं नाही म्हणणं, आणि अमुक माणूस नरकात गेलाच असं चर्चने आजवर कोणाबद्दलही जाहीर केलेलं नाही, हे तर लोकांना माहीतच नसतं.

मला हे पटलं ते घरात. वसईच्या जमिनीवरून भावाशी सहा वर्षं अबोला होता, सणाला पण फोन नाही, तो खरंच नरक होता. मग आई गेल्यावर मीच फोन लावला, माफी मागताना घसा कोरडा पडला, लाज वाटली, पण आतून हलकं होत गेलं. यंदा मेणबत्त्या त्यानेच आणल्या होत्या.

एक वाचक, फतेहगंज, वडोदरा