लाकडाच्या बॉयलरला सोलरचा कंट्रोलर : बदलून देण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बॉयलर व टाकीमधला पंप चालवणारा कंट्रोलर चुकीचा बसवल्याबाबत आणि तो तातडीने बदलून मिळण्याबाबत.

संदर्भ : आपले बिल, वॉरंटी कार्ड व यापूर्वी पाठवलेले ईमेल (प्रती सोबत).

महोदय,

पाचगणीतील आमच्या मुलींच्या वसतिगृहात आपल्या कंपनीने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत 30 किलोवॉटचा लाकडावरचा बॉयलर, 1,000 लिटरची गरम पाण्याची टाकी, दोन्हींच्या मधला पंप आणि तो आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर असा पूर्ण संच बसवून दिला. बॉयलर आणि टाकी यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. भट्टी चांगली पेटते, टाकीचे इन्सुलेशनही जाड आहे. तक्रार कंट्रोलरची आहे. तो लाकडाच्या बॉयलरसाठी बनलेलाच नाही, तो सोलर वॉटर हीटरचा आहे.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत कंट्रोलरच्या पॅनेलवरचा ‘बॉयलर’ असा स्टिकर एका कोपऱ्यातून सुटला. तो ओढून काढला तर खाली छापील चित्र निघाले : वर सूर्य, खाली तिरपे सोलर पॅनेल. आतल्या मेनूतही बॉयलर हा शब्द कुठे नाही, सगळीकडे ‘कलेक्टर’, म्हणजे सोलर पॅनेल, आहे. फोटो जोडले आहेत.

नावात काय आहे, काम तर तेच, असे आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर सांगितले. काम तेच नाही. आमच्याकडे पहाटे चारला भट्टी पेटते. बॉयलरमधले पाणी जेमतेम 38 अंशांवर येते, टाकीच्या तळाशी 28 असते. दहा अंशांचा फरक दिसला की कंट्रोलर पंप सुरू करतो. टाकीतले गार पाणी बॉयलरमध्ये शिरते, बॉयलर 32 वर उतरतो, पंप बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कंट्रोलरमधल्या रिलेची (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचची) टकटक बाहेरच्या पडवीत ऐकू येते.

सोलरला हे चालते, कारण तिथे धूर नसतो. लाकडाच्या बॉयलरमध्ये परत येणारे पाणी 55-60 अंशांपेक्षा गार असले, तर धुरातली वाफ आतल्या पत्र्यावरच थिजते आणि काजळीत मिसळून तिचे डांबर होते. आमच्या भट्टीचे दार उघडले की आतल्या कडेने काळा, चिकट ओघळ दिसतो, त्याला आंबूस वास येतो आणि तो खरवडूनही निघत नाही. चिमणीत साठलेले हेच डांबर पेट घेते. वर मुली झोपलेल्या असतात. बॉयलर 60 अंशांवर गेल्याशिवाय पंप सुरूच होता कामा नये, आणि रिटर्न लाइनवर (टाकीतून बॉयलरकडे परत येणाऱ्या पाइपवर) गार-गरम पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह हवा. या दोन्ही गोष्टी आमच्या संचात नाहीत.

आपल्या ईमेलमध्ये ‘ग्राहक ओली लाकडे वापरतात’ असे उत्तर आले. आमची लाकडे वाईच्या वखारीतून उन्हाळ्यातच पसरणी घाटाने वर येतात आणि पत्र्याच्या शेडमध्ये पावसाआधी रचून ठेवली जातात. इथल्या पावसात लाकूड कसे राखायचे हे पाचगणीकरांना सांगावे लागत नाही. आपला माणूस येऊन शेड पाहून गेला असता, तर हे वाक्य लिहिले गेले नसते.

यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे आहे. टाकी 65 अंशांवर पोचली की हा कंट्रोलर पंप बंद करतो. सोलरमध्ये ते योग्यच आहे. सोलर पॅनेल थोडे जास्त तापेल, मग ढग येईल, संध्याकाळ होईल. भट्टीत घातलेले लाकूड मात्र जळून संपेपर्यंत उष्णता देतच राहते. त्या वेळी पंप थांबवणे म्हणजे बॉयलरला उकळायला लावणे. रविवारी मुली उशिरा आंघोळ करतात, पाणी कमी खर्च होते, आणि नेमका तेव्हाच हा प्रकार घडतो. एका रविवारी बॉयलरच्या आत ठोके पडायला लागले आणि व्हेंट पाइपमधून उकळते पाणी अंगणात उडाले. पाचवीतली एक मुलगी बादली घेऊन हातभर अंतरावर उभी होती. तिला काही झाले नाही, पण तो प्रसंग आठवला की मला अजून झोप लागत नाही.

‘110 अंशांना अलार्म वाजतो, घाबरू नका’ असे आपल्याकडून सांगण्यात आले. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी 96 अंशांच्या आसपास उकळते. पाणी भरणारी वरची टाकी बॉयलरपासून जेमतेम चार मीटर उंच आहे. तेवढ्या पाण्याचा दाब धरला तरी 110 येण्याच्या आधीच बॉयलरमध्ये वाफ झालेली असते. हा अलार्म आमच्या उपयोगाचा नाही.

त्यात बॉयलरचे तापमान मोजणारा सेन्सर बाहेरच्या पाइपला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेला आहे. त्याच्यासाठी बॉयलरला दिलेले पॉकेट, म्हणजे आत शिरणारी खोबण, रिकामेच आहे. त्यामुळे पॅनेलवर दिसणारा आकडा आतल्या पाण्यापेक्षा कमी असतो.

वीज गेली की पंप थांबतो, आग थांबत नाही. पावसाळ्यात इथे लाइट किती वेळा जाते ते सगळ्या महाबळेश्वर तालुक्याला माहीत आहे. माहितीपत्रकात आपण ‘वीज गेली तरी सुरक्षित’ असे छापले आहे, पण संचासोबत इन्व्हर्टर दिलेला नाही आणि टाकी बॉयलरच्याच पातळीला ठेवल्यामुळे पाणी आपोआप फिरण्याची सोयही नीट नाही. रात्री उलटेच होते. पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसल्याने टाकीतले गरम पाणी हळूहळू विझलेल्या बॉयलरमधून फिरते आणि त्यातली उष्णता चिमणीवाटे निघून जाते. भट्टी राख होऊन गार पडलेली असते, पण तिच्या पाइपला मध्यरात्री हात लावला तर चटका बसतो. रात्री 60 अंशांवर असलेली टाकी पहाटे कोमट सापडते आणि ज्या मुलींचा नंबर आधी, त्या कुडकुडतात.

आमच्याकडे पूर्वी तांब्याचे बंब होते. मावशींचे डोळे धुराने जाऊ नयेत आणि मुलींना बादल्या वाहाव्या लागू नयेत, म्हणून विश्वस्तांनी पालकांच्या देणगीतून हा खर्च केला. तो पैसा मला वाया जाऊ द्यायचा नाही.

म्हणून मागणी अशी. हा कंट्रोलर काढून लाकडाच्या बॉयलरसाठीच बनलेला कंट्रोलर विनामूल्य बसवावा. बॉयलर 60 अंशांवर गेल्याशिवाय पंप सुरू होऊ नये, त्यापुढे टाकीशी आठ अंशांचा फरक असताना चालू आणि चार उरल्यावर बंद व्हावा. बॉयलर 85 च्या वर गेला, तर टाकी कितीही तापलेली असो, पंप चालूच राहिला पाहिजे. सेन्सर पॉकेटमध्ये पेस्ट लावून बसवावा. रिटर्नला थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, हलक्या झडपेचा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंपापुरता इन्व्हर्टर द्यावा. चिमणी व बॉयलरमधले डांबर आपल्या खर्चाने साफ करून आतला पत्रा तपासून लेखी अहवाल द्यावा. कंट्रोलरवर दुसरा स्टिकर कुणी आणि का लावला, याचाही लेखी खुलासा हवा. इतर कुठल्या वसतिगृहात, आश्रमशाळेत हाच माल गेला असेल, तर त्यांनाही आपण आजच कळवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. विश्वस्तांचा तसा ठराव झाला आहे.

तोपर्यंत भट्टी पेटलेली असताना एक मावशी पंपाच्या थेट स्विचपाशी बसून असते आणि अंगणाचा तो भाग दोरी बांधून बंद केला आहे. तंत्रज्ञ पाठवाल तेव्हा त्यांना आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पाठवा. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. पहाटे चारला भट्टी पेटताना त्यांनी स्वतः उभे राहून पाहिले पाहिजे.

आपली,
अधीक्षिका,
मुलींचे वसतिगृह, पाचगणी,
जि. सातारा

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, ईमेलच्या प्रती, पॅनेल व भट्टीचे फोटो