४० पानांची पुस्तिका आणि हिवरे बाजारची पंचसूत्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली जिकडं बघावं तिकडं बदलाचं ट्रेनिंग चाललंय, सरकारी ऑफिसं म्हणा, बँका म्हणा, आमचं हॉस्पिटल पण त्यातलंच. मी पुण्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर आहे, नाव लिहीत नाही, नोकरी करायचीय अजून. डिस्चार्जला उशीर होतो म्हणून मागच्या वर्षी बाहेरची माणसं बोलावली, दोन दिवस हॉलमध्ये बसवून पीपीटी दाखवली आणि जाताना प्रत्येकाच्या हातात ४० पानांची पुस्तिका दिली. कोणी किती मिनिटांत काय करायचं, नुसते बाणच बाण. महिन्यानंतर उशीर होता तेवढाच, वर एक फॉर्म वाढला.

मला सारखं नगरजवळचं हिवरे बाजार हे गाव आठवत होतं. सासुरवाडी नगरकडची, त्यामुळं तिकडं दोनतीनदा जाणं झालंय. पोपटराव पवार सरपंच झाले ते १९८९ च्या सुमारास, तेव्हा गाव दुष्काळानं आणि दारूनं पार बसलेलं, आणि गावानं धरलं काय तर पाच गोष्टी: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. बस्स. यात 'भूजल पातळी वाढवा' कुठं नाहीये बघा, शेळी डोंगरावर सोडू नका एवढंच आहे, आणि ती सोडली की नाही हे शाळेतल्या पोराला पण दिसतं. शेळी थांबली की गवत येतं, गवतानं माती धरली की पाणी मुरतं, गवत विळ्यानं कापून घरी आणायची मुभा असल्यामुळं गोठ्यातल्या जनावराला चारा मिळतो आणि दूध वाढतं. पाण्याचं पण तसंच, पाऊस किती झाला ते बघून ग्रामसभेत हिशोब मांडायचा, आधी प्यायचं पाणी, मग खरीप, राहिलं तर रब्बी, शेतीला बोअर नाही, ऊस नाही.

आता कोणी म्हणेल मग भिंतीवर पाच सूत्रं रंगवा की झालं. आमच्या गावात रंगवलीत ना, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, ऑइल पेंटनं, आणि 'कुऱ्हाडबंदी'च्या बरोबर खाली एकाची शेळी बांधलेली असते, समोर बाभळीचा ताजा डहाळा टाकलेला. हिवरे बाजारला ज्याच्याकडं शेळ्या होत्या त्याला चराईबंदी टोचली असणारच की, पण गावानं बसून ठरवलेलं आणि मोडलं तर विचारणारं गावच. आमच्याकडं वरून पत्र आलं, पेंटर बोलावला, बिल निघालं.

आता हॉस्पिटलचं सांगतो. आमच्या मजल्यावर नाइटला एक सिस्टर असतात, बऱ्याच वर्षांच्या जुन्या, त्या एकदा वैतागून म्हणाल्या, उद्यापासून एकच करू, नातेवाईक आपल्याकडं आला की त्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवायचं नाही, फोन आपण करायचा. कोणाला न विचारता दोन मजल्यांवर सुरू केलं. पहिला आठवडा नुसता गोंधळ, फोन एंगेज, अकाउंट्सवाले चिडलेले, मी स्वतः दोनदा सवयीनं "तिकडं विचारा" म्हणून बसलो. पण फोन आपणच करायला लागल्यावर कळलं की बहुतेक वेळा तो एकाच ठिकाणी जातोय, फार्मसीत. पेशंटची उरलेली औषधं परत घेऊन मोजल्याशिवाय बिल बंद होत नाही आणि दुपारच्या गर्दीत तिथं मोजायला एकच पोरगा, तो जेवायला गेला की सगळ्या हॉस्पिटलचे डिस्चार्ज लटकले. इतकी वर्षं आम्ही नातेवाइकांना पळवत होतो म्हणून हे आम्हाला दिसलंच नव्हतं. पुस्तिकेत या जागी एक बाण आहे फक्त. आता १२ ते ३ तिथं दुसरा माणूस बसतो.

हे वर कळल्यावर साहेब खूश झाले, सगळ्या हॉस्पिटलला लागू करू म्हणाले, त्याआधी नीट एसओपी, म्हणजे काम कसं करायचं त्याची लेखी पद्धत, करून द्या. सिस्टर म्हणाल्या, ओळच तर आहे सर एक. तर त्या ओळीची आता एसओपी होतेय, टायपिंग माझ्याकडं आलंय, काल सातव्या पानावर होतो.

आपला,
एक वाचक, पुणे