घड्याळ गुजरीत देऊ नकोस

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

बरेच दिवस पत्र नाही, त्याबद्दल भेटल्यावर हव्या तेवढ्या शिव्या घाल. आबांचे गुडघे तसेच, आईची शुगर आटोक्यात, बाकी सगळं ठीक.

परवा फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, गणपतीला आलो की घड्याळ गुजरीत सराफाकडे टाकतो, दहा मिनिटांत कापडी चाकाने बफ मारून चकाचक करून देतील. लेका, एवढं करू नकोस. फोनवर तू दुसऱ्याला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. नवंकोरं ओमेगा सीमास्टर आणि पहिल्याच महिन्यात क्लॅस्पवर, म्हणजे चेनच्या खटक्यावर, चरे, तुझ्या पोटात काय कालवाकालव झाली असेल ते मला कळतं. शऱ्याला सांगू नकोस. तो म्हणेल, वेळ बरोबर दाखवतंय न्हवं, मग झालं की.

आधी चरा नीट बघ. दहापट भिंग घे आणि खिडकीपाशी तिरप्या उजेडात घड्याळ धर. बारीक चर दिसेल आणि त्याच्या दोन्ही काठांना वर आलेल्या चमकत्या कडा दिसतील. शेतात नांगराचं तास पडतं तसंच आहे ते. धातू बराचसा गेलेला नसतो, बाजूला सरकलेला असतो. त्या वर आलेल्या कडांवर उजेड पडतो, म्हणून चरा एवढा डोळ्यांत भरतो. रोजच्या वापरात बाहीला, कातडीला घासून त्या कडा बोथट होतात आणि तोच चरा हळूहळू फिका पडतो. बफने तो घालवायचा म्हटलं तर चराच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खाली आणावा लागतो. तो परत येत नाही.

गुजरीतल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही. साज उजळावा तर त्यांनीच. पण सोन्याला झळाळी हवी असते, घड्याळाला धार हवी असते. तुझ्या घड्याळाच्या केसचे, म्हणजे बाहेरच्या स्टीलच्या डबीचे, ते पिळदार लग्ज बघ, चेन अडकते ते पाय. मॅट भाग कुठे संपतो आणि चकचकीत भाग कुठे सुरू होतो, तिथे सरळ रेघ आहे. कापडी चाक मऊ असतं, ते कडेवरून वाकून फिरतं आणि पहिल्या फेरीतच ती रेघ गोल करतं. शिवाय मशीन आत ठेवून बफ मारला तर पॉलिशचा मसाला बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या कड्याच्या, खाली आणि चावीच्या फटीत जाऊन बसतो, आणि घासून तापलेल्या केसमधली पाणी अडवणारी रबरी गॅस्केटं खराब होऊ शकतात. रीतसर करणारा आधी मशीन, काच, बेझल सगळं काढतो, रिकामी केस सपाट चकतीवर घासतो, खोल खड्डा असेल तर लेसरने धातू भरतो, मग नवी गॅस्केटं घालून पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो. हे दहा मिनिटांचं काम नव्हे.

आता तू जुन्या एचएमटी घड्याळाचा विषय काढणार. आबांच्या ‘जनता’ची काच तू टूथपेस्ट घासून आरशासारखी केलीस आणि त्यावरून आपलं बोलणं बंद झालं होतं. काच चकचकीत झाली होती, मी कधी नाही म्हटलं नाही. पण ती काच म्हणजे ॲक्रिलिक, एक तऱ्हेचं प्लास्टिकच. टूथपेस्टमधली बारीक पूड तिला सहज घासते. तुझ्या घड्याळाची काच सफायरची आहे. स्टीलचा कठीणपणा विकर्स मापावर १५० ते २०० च्या आसपास, तुझ्या सिरॅमिक बेझलचा साधारण १२००, आणि सफायरचा २००० च्या घरात. टूथपेस्टने तिला काही होत नाही. मात्र ओमेगा या काचेला दोन्ही बाजूंनी चकाकी कमी करणारा लेप देते, आणि बाहेरच्या लेपावर ओरखडा पडू शकतो. काच तिरपी धर. निळसर झाक एखाद्या रेघेत तुटलेली दिसली आणि नख अडकलं नाही, तर तो लेपावरचा ओरखडा. डायमंड पेस्ट लावलीस तर लेप ठिकठिकाणी उडेल आणि काच कोड आल्यासारखी दिसेल. तिला हात लावू नकोस.

बेझलवर राखाडी रेघ आहे म्हणालास ना? तो बहुधा चरा नव्हेच. मऊ धातू सिरॅमिकवर घासला की त्याचाच थर तिथे बसतो. पेन्सिलचं साधं खोडरबर घे आणि हलक्या हाताने घास, निघेल. सिरॅमिकला खरी भीती फरशीवर पडून तडकण्याची.

क्लॅस्पवरचे चरे राहवतच नसतील तर तेवढाच भाग घरी कर. तो रोज टेबलाला घासणारच आहे, आणि बिघडला तरी बदलता येतो. बाकीच्या घड्याळाला हात नाही. आधी चावी पूर्ण आवळलेली आहे का बघ. मग कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि घड्याळ पूर्ण वाळू दे. तुमच्या बेंगळुरूच्या एस. पी. रोडला कॅप्टॉन टेप, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सवाले वापरतात ती पिवळसर पारदर्शक, सहज मिळेल. क्लॅस्पच्या चकचकीत कडा, शेजारच्या कड्या आणि कोरलेला लोगो हे सगळं तिच्या दोन-तीन थरांनी झाक. टेपची कड टूथपिकने दाबून बसव. ब्लेडने स्टीलवर टेप कापायला जाऊ नकोस, नवा चरा पडेल.

स्कॉच-ब्राइट घे, पण स्वयंपाकघरातली हिरवी घासणी नको, ती फार खरखरीत. औद्योगिक पॅडांतली दोन बघ: मरून ७४४७ आणि राखाडी ७४४८. राखाडी जास्त बारीक. कुठल्याची रेघ कंपनीच्या फिनिशशी जुळते ते आधी स्टीलच्या जुन्या पट्टीवर बघ. मग पॅड सपाट काचेवर ठेव, शेजारी पट्टी धर आणि क्लॅस्प पट्टीच्या आधाराने मूळ रेघांच्याच दिशेने ओढ. एकाच दिशेने, एका टोकाच्या आधीपासून दुसऱ्या टोकाच्या पुढेपर्यंत. मधेच थांबलास किंवा मागेपुढे घासलंस तर टोकांना कमानीसारख्या रेघा येतात आणि त्या लांबूनही ओळखू येतात. चार-पाच वेळा ओढ, मग थांबून भिंगातून बघ. नख अडकतंय असा चरा असेल तर त्याच्या मागे लागू नकोस, आजूबाजूला खळगा पडेल. शेवटी पुन्हा धू, नाहीतर धातूची पूड कड्यांच्या पिनांत अडकते आणि चेन आतून झिजते. केप कॉडचं पॉलिशचं कापड कोणी सुचवलं तर ते फक्त चकचकीत भागासाठी, मॅटवर लावलंस की मॅट गेलं.

आणि चरे येतात कुठून ते सांगतो. तुझा लॅपटॉप! ॲल्युमिनियमवरचा ॲनोडाइज केलेला थर स्टीलपेक्षा कठीण असतो, आणि तू मनगट तिथेच टेकवून दिवसभर टाइप करतोस. टाइप करताना घड्याळ काढ किंवा खाली कापड घाल. चांदीचं कडं दुसऱ्या हातात घाल. दादाच्या शिरोलीच्या फाउंड्रीत जाताना घड्याळ घालूच नकोस. तिथली वाळू सिलिकाची, स्टीलवर तिचा चरा पडतोच. धूळ बसली तर शर्टाने पुसू नकोस, आधी पाण्याने धू.

केसवरचे चरे सर्व्हिसपर्यंत राहू देत. पाच वर्षांच्या वॉरंटीत चरे येत नाहीत, आणि बाहेरच्या माणसाने काही उद्योग केला तर वॉरंटीवरच वांधा येतो. सर्व्हिस पाच-आठ वर्षांनी येईल. ओमेगाच्या पूर्ण सर्व्हिसमध्ये केसचं फिनिशिंग असतंच. तेव्हाही गरज नसेल तर ‘पॉलिश नको’ असं कागदावर लिहून दे. पुढे विकायचं झालं तर जाणकार माणूस न घासलेल्या केसलाच जास्त भाव देतो.

वहिनींचं नवीन ऑफिस कसं आहे? बाळ्याची दहावी ना यंदा? घराचा ताबा मिळाला का, ते कळव.

आणि क्लॅस्पला हात लावण्याआधी मला फोटो पाठव: फ्लॅश बंद, खिडकीतला तिरपा उजेड, एक फोटो रेघांच्या दिशेने, एक आडवा. कुठलं पॅड घ्यायचं ते बघून सांगतो. तोवर रोज घाल.

तुझा,
विन्या