रेडिओवरच्या बातम्यांचा मक्ता एकाकडेच, मग जिल्ह्याच्या बातम्या कोणी द्यायच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकांच्या पानावर परवा एक पत्र वाचलं. आता रेडिओ ऐकतं कोण, आकाशवाणीची मिडियम वेव्हची केंद्रं बंद करा आणि तो पैसा वाचवा, असा त्याचा सूर होता. मी गंगाखेडला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. रेडिओ बंद पडला तर माझं फार काही जाणार नाही, धंदा केव्हाच मिक्सर आणि मोबाइलवर आलाय. तेव्हा हा पोटासाठी लिहितोय असं कोणी समजू नये.

आधी तांत्रिक बाब. आकाशवाणी परभणी मिडियम वेव्हवर 1305 किलोहर्ट्झला लागतं. ही लहर दिवसा जमीन धरून लांब जाते. पालमकडच्या एखाद्या आखाड्यावर बाभळीला अडकवलेल्या ट्रान्झिस्टरवरही ती येते, एरियल ओढायचीसुद्धा गरज नाही. एफएमचा आवाज स्वच्छ, पण ती लहर सरळ रेषेत चालते, मनोऱ्यापासून लांब गेलं की फाटते. मिडियम वेव्हला खरखर फार, ही तक्रार खरी आहे. मात्र त्यातली निम्मी खरखर केंद्राची नसते, घरातल्या स्वस्त एलईडी बल्बची आणि चार्जरची असते. ते बंद करून बघा. मिडियम वेव्हचा खर्चही मोठा, उंच मनोरा लागतो, जागा लागते, विजेचं बिल येतं, हे मला मान्य. मग डिजिटल रेडिओ आणा, असं कोणी म्हणेल. देशात बऱ्याच ठिकाणी ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीचे ट्रान्समीटर बसवूनही झाले, पण ते ऐकायचा सेट दुरुस्तीला घेऊन माझ्या दुकानात अजून कोणी आलेलं नाही. सेटच कोणाकडे नाही तर येणार कुठून?

मोबाइलवर ऐका म्हणतात. मोबाइलमध्ये मिडियम वेव्ह नव्हतीच. हेडफोनची वायर लावून एफएम ऐकायची सोय होती, तीही कंपन्यांनी बऱ्याच मॉडेलमधून काढून टाकली. राहिले ॲप. ते टॉवर चालू असेपर्यंत. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली त्या दिवसांत लाइट गेली, मोबाइल चार्ज करायला जागा उरली नाही, तेव्हा लोक माळ्यावरचे जुने सेट झटकून दुकानात घेऊन येत होते. कुणाचा बँड स्विच गंजलेला, कुणाच्या सेलच्या डब्यात हिरवा गंज, कुणाच्या डायलचा दोरा तुटलेला. सगळ्यांना एकच ऐकायचं होतं: नाथसागराचे, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचे, दरवाजे किती उघडले, माजलगावातून किती क्युसेक सोडलं, आणि ते आपल्यापर्यंत केव्हा येणार. पैठणचं पाणी गंगाखेडला पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात गोदाकाठच्या मोटारी काढता येतात, गुरं हलवता येतात. हा वेळ मिळाला तर रेडिओचा सगळा खर्च वसूल आहे, असं माझं मत आहे.

आता मुद्द्याचं. संभाजीनगर, नांदेडला खासगी एफएम आहेत. त्यांना गाणी लावता येतात, गमती करता येतात, पण स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. केंद्र सरकारच्या धोरणानुसार त्यांनी फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. गावोगावच्या सामुदायिक रेडिओंनाही हीच अट. वर्तमानपत्राला बातमी छापता येते, टीव्हीवाल्यांना दिवसभर ओरडता येतं, मग रेडिओलाच ही बंदी कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही. असो. पण याचा अर्थ, देशात रेडिओवर बातमी द्यायचा मक्ता एकट्या आकाशवाणीकडे आहे. ज्याच्याकडे मक्ता आहे त्याने माल पुरवला पाहिजे. आमच्या जिल्ह्याची बातमी आकाशवाणीने दिली नाही, तर रेडिओवर ती दुसरं कोणीही देऊ शकत नाही.

आणि ही मेहेरबानी नाही. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, तो लागू व्हायला 1997 साल उजाडलं. त्याच्या बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की लोकांचा खरी आणि निःपक्ष माहिती मिळवण्याचा हक्क जपायचा, वेगवेगळ्या बाजू मांडायच्या, स्वतःचं मत पुढे रेटायचं नाही. शेती, ग्रामीण विकास, आरोग्य यांकडे खास लक्ष द्यायचं, हेही त्यातच आहे. त्याआधी 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला. त्या पीठात आपल्या महाराष्ट्रातले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आणीबाणीत रेडिओ सरकारचा भोंगा झाला म्हणून 1977 साली वर्गीज समिती नेमली, तिने आकाशवाणीला सरकारपासून वेगळं काढायला सांगितलं. एवढा सगळा खटाटोप झाला, पण कर्मचाऱ्यांचे पगार आजही सरकारी अनुदानातून येतात. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय होणार? या बाबतीत मी कोणत्याच पक्षाला वेगळं काढत नाही. विरोधात असताना सगळ्यांना स्वायत्तता हवी असते.

पैसे नाहीत म्हणावं तर तसंही नाही. 2023 च्या जानेवारीत केंद्राने आकाशवाणी-दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी 2,539.61 कोटींची योजना मंजूर केली. त्यातून ट्रान्समीटर येतील, स्टुडिओ चकाचक होतील. मी मेकॅनिक आहे, नवं यंत्र मला आवडतंच. पण माइकसमोर बसणारा माणूस? 5 ऑक्टोबर 2007 पूर्वी लागलेले कर्मचारी सरकारी नोकर धरले जातात, ते आता एकेक करून निवृत्त होताहेत. केंद्रांची भिस्त नैमित्तिक निवेदकांवर, ज्यांना ड्युटीप्रमाणे पैसे मिळतात आणि ड्युट्याही महिन्याला मोजक्याच. जिल्ह्याचा वार्ताहरसुद्धा अंशकालीन. अशा माणसाने पुराच्या रात्री गोदाकाठी जाऊन उभं राहावं ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची? माणसं नसली की दुसरीकडचा कार्यक्रम सहक्षेपित करणं सोपं पडतं, आणि दिल्ली-मुंबईच्या कार्यक्रमात नदीची पातळी येत नाही. परभणीच्या केंद्रात काम करणाऱ्यांचा यात दोष नाही, हे मुद्दाम लिहितो.

म्हणून माझं मागणं दोन-तीन गोष्टींचं आहे. पावसाळ्यात जायकवाडी, माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी या धरणांची पातळी आणि विसर्ग ठरलेल्या वेळी रोज सांगावा, आणि दरवाजे वाढवले की चालू सहक्षेपण तोडून त्याच क्षणी सांगावं. तो निर्णय घ्यायचा अधिकार स्थानिक केंद्राला हवा, वरून फोन येण्याची वाट बघायला लागू नये. पीकविम्याची शेवटची तारीख, मोंढ्यातला सोयाबीन-कापसाचा भाव, कृषी विद्यापीठाचा सल्ला, यांनाही बातमीपत्रात जागा द्यावी. पालकमंत्र्यांचं आवाहन त्यानंतर आलं तरी चालेल.

आणखी एक. श्रोत्यांच्या तक्रारींसाठी प्रसारण परिषद आणि देखरेखीसाठी 22 खासदारांची समिती, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. दुकानात दिवसभर रेडिओ चालू असतो, पण या परिषदेकडे तक्रार कुठल्या पत्त्यावर पाठवायची हे मी रेडिओवर कधीच ऐकलेलं नाही. आमच्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न विचारावा आणि मिळालेलं उत्तर आपण छापावं. मी ते कात्रण दुकानात लावीन.

आपला,
एक रेडिओ मेकॅनिक
गंगाखेड, जि. परभणी